धरून ठेवलेली जागा

मनकर्णाबाई जन्मात कधी वेळेवर घराबाहेर पडल्या नव्हत्या. लग्नाच्या दिवशी नवरदेव मांडवात ताटकळला होता आणि नवरी शेजारणीची परात परत द्यायला गेली होती, असं त्यांचे दीर अजून हसत हसत सांगायचे. बाई आळशी मुळीच नव्हत्या. पण पाय उंबऱ्याबाहेर पडला की त्यांना हमखास काहीतरी आठवायचं. गॅस, मागल्या दाराची कडी, मांजरीचं दूध. वर कोणी 'कुठी चालली?' असं विचारलं की संपलंच. निघालेल्या माणसाला 'कुठी' विचारलं तर काम होत नाही म्हणे. मग त्या परत घरात जायच्या, घटकाभर बसायच्या, पाणी प्यायच्या आणि नव्यानं निघायच्या.

देवरावांना याचं काही वाटायचं नाही. ते परतवाडा डेपोला कंडक्टर होते. बायको अमरावतीला माहेरी निघाली की तिच्यासाठी गाडी थांबवणं आपल्या ड्युटीतच बसतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. खिडकीजवळच्या सीटवर रुमाल टाकायचे, दोरी ओढून एक बेल मारायचे आणि दारात उभे राहायचे. एक बेल म्हणजे थांबा. गाडीतली माणसं कुरकुरायची. "येऊन राह्यली हो, येऊन राह्यली," म्हणत देवराव त्यांना गप्प करायचे. फाटकातून मनकर्णाबाई पिशव्या सांभाळत यायच्या. ते हात पुढे करायचे, तो धरून त्या वर चढायच्या, रुमाल उचलून नीट घडी करून त्यांच्या हातात द्यायच्या. मग दोन बेल, आणि गाडी सुटायची.

रुमाल पांढरा होता. बाकीच्या कंडक्टरांच्या रुमालांत मिसळू नये म्हणून बाईंनी त्याला लाल दोऱ्याची कड घातली होती. तीन वर्षांपूर्वी देवराव गेले, तेव्हा तो त्यांनीच नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. चितेवर तो त्यांच्यासोबतच गेला.

मुलगा सुगत अकोल्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. देवराव गेल्यावर त्यानं आईला आपल्या कृषीनगरातल्या घरी आणलं. भूतबाधा, उतारे, अंगात येणं, यांना देवरावांनी घरात कधी थारा दिला नव्हता. जे दिसेल त्याला 'काहून', म्हणजे 'का', असं विचारायचं, ही त्यांची पोरांना शिकवण. सुगत त्याच शिकवणीवर मास्तर झाला होता.

त्याची थोरली बहीण संध्या मुंबईला असते. तिच्या डोक्यात गाठ निघाली होती, आणि ती गाठ डोळ्यांच्या शिरेवर दाबत होती. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं, आईचं रेल्वेचं तिकीटही काढून झालं होतं. अन् माघातल्या एका सकाळी संध्याचा फोन आला. डॉक्टरांनी घाई केली होती, उद्या पहाटेच तिला आत घेणार होते. नंतर किती दिसेल, दिसेल की नाही, हे कोणी सांगायला तयार नव्हतं.

"सुगत, मायले पाठव न आज," ती म्हणाली. "आज मले तिचं तोंड दिसते. उद्याचं मले मालूम नाही."

रात्रीच्या गाडीनं गेलं तर पोचेपर्यंत तिला आत नेलेलं असणार. सुगतनं मोबाइल उघडला. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईला दुपारी 'आकाशझेप'चं विमान होतं. स्वस्तातली कंपनी, बारकं विमान, आणि त्यात एकच जागा उरली होती. ती त्यानं आईसाठी घेतली. स्वतः रात्रीच्या रेल्वेनं जाणार होता.

आता इतकी घाईची गोष्ट, तेव्हा बाईंनी एक दिवस तरी वेळेवर निघावं की नाही? त्या निघाल्याही. गाडीत बसल्या आणि समोरच्या सुभद्राबाईंनी फाटकातून हाक मारली, "कुठी चालली व माय?"

मनकर्णाबाई उतरल्या. आत गेल्या, बसल्या, पाणी प्यायल्या. तेवढ्यात संध्याला आवडतात त्या खारोड्यांचा डबा राहिल्याचं आठवलं. सुगत बाहेर हॉर्न वाजवत राहिला. पुढे मूर्तिजापूरजवळ कापसाच्या गाड्यांनी सगळा रस्ता अडवला होता. बडनेरा सोडेपर्यंत त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि आईला काही बोलायचं नाही म्हणून त्यानं दात घट्ट आवळून धरले होते.

बेलोऱ्याला पोचले तेव्हा काउंटर बंद झालं होतं. काचेपलीकडे विमान उभं होतं. इतकं जवळ, की दाराला लावलेल्या शिडीच्या पायऱ्या दिसत होत्या.

काउंटरवर माधवी नावाची मुलगी होती, अमरावतीच्या राजापेठेतली. तिनं ऐकून घेतलं, तिचाही चेहरा उतरला. "सर, सिस्टम बंद झाली. माझ्या हातात काहीच नाही. तुम्ही ग्राहकसेवेला फोन करून पाहा."

मनकर्णाबाई बाकावर बसल्या, डबा मांडीवर. "माह्याच्यानंच झालं बाबू," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. सुगतला आईला असं रडताना पाहवेना.

त्यानं फोन लावला. मराठीसाठी हे दाबा, त्यासाठी ते दाबा. बऱ्याच वेळानं एका मुलीचा गोड आवाज आला. विमान आपण चुकवलेलं आहे, नियमानुसार काही करता येणार नाही, आणखी काही मदत करू शकते का?

"आणखी? अजून पहिलीच कुठं झाली?" सुगत ओरडला. फोन कट झाला.

त्यानं पुन्हा लावला. या वेळी संगीत वाजत राहिलं. मधूनमधून एक बाई सांगायची, की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. बाहेर एक कामगार शिडीकडे चालत निघाला होता. सुगत त्याच्याकडे बघत फोन कानाला दाबून उभा राहिला.

संगीत मध्येच थांबलं.

"बोला."

पुरुषाचा आवाज होता. नाव नाही, नमस्कार नाही. आवाजामागे काहीतरी घरघरत होतं. जुनं डिझेल इंजिन उभ्या गाडीत चालू असावं आणि त्याबरोबर खिडक्यांच्या काचा थरथरत असाव्यात, तसं.

"माझ्या आईचं विमान आहे हो, समोर उभं आहे, पण इथं काउंटर—"

"बाई कुठी हायेत?"

"इथंच. बाकावर. तुम्ही आधी बुकिंग नंबर लिहून घ्या."

"चपला दोन्ही हायेत न पायात? मांगच्या खेपी एक स्टँडवरच राह्यली होती."

सुगतनं आईच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही चपला होत्या. आपण आधी पाहिलं आणि हे विचारणारा कोण, हे आपल्या मनात नंतर आलं, एवढं त्याच्या लक्षात आलं. 

"कोण बोलतंय?"

"घाई करू नोका म्हना त्यायले. पडतीन." आवाज शांत होता, समजूत घालणारा. "जागा धरून ठेवली हाये."

मग फोनमध्ये एक बेल वाजली. टिंग. त्यानंतर नुसती घरघर.

हल्ली या कंपन्या आपल्याकडच्या पोरांना कामाला ठेवतात, सुगतनं स्वतःला सांगितलं. घरी बसून फोन घेत असेल एखादा, मागे ट्रॅक्टर उभा असेल. चपलेचं काय, म्हाताऱ्या माणसांच्या चपला राहतातच. सगळ्याची उत्तरं त्याच्याकडे होती. तरी त्यानं फोन कानावरून काढला नाही.

माधवीच्या हातातला वायरलेस खरखरला. ती ऐकत राहिली, मग काउंटरवरच्या संगणकाचा पडदा पुन्हा पेटवला आणि त्यात वाकून बघत राहिली.

"सर, तुम्ही कोणाशी बोललात?"

"ग्राहकसेवा. का?"

"कॅप्टननं विमान थांबवलंय. म्हणतायत, आत एक बेल वाजली." तिचा आवाज खाली आला. "कोणी दिली ते विचारून राह्यलेत. अन् इथं काकूंची सीट धरलेली दिसून राह्यली. मी नाही धरली, सर."

सुगत आईला सांगायला वळला. मनकर्णाबाई आधीच उठल्या होत्या. पदर सारखा केला होता, डोळे पुसले होते.

"चाल बाबू," त्या म्हणाल्या. "बेल झाली."

त्याच्या कानाशी लावलेल्या फोनमधली बेल त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं.

तपासणीवाल्यांनी त्यांना भराभर आत सोडलं. सुगत काचेशी उभा राहिला. उन्हात, मोकळ्या डांबरावर, आई एकटी चालत होती. एका हातात डबा, दुसऱ्यात पिशवी. घाई अजिबात करत नव्हती.

फोन हातातच होता. तो कट झालेला नव्हता. त्यानं कानाला लावला. घरघर चालू होती.

मनकर्णाबाई शिडी चढल्या. दारातली हवाईसुंदरी जरा मागे, बाजूला उभी होती.

शेवटच्या पायरीवर बाईंनी पिशवी डाव्या हातात घेतली. उजवा हात पुढे केला.

समोर कोणी नव्हतं.

तरी हात कोणीतरी धरला. सुगतनं ते स्पष्ट पाहिलं. आईचा तोल पुढे गेला, पाऊल उचललं गेलं, आणि परतवाड्याच्या स्टँडवर चढायची तशी ती अलगद वर ओढली गेली.

"बाबा," सुगत फोनमध्ये म्हणाला.

घरघर तशीच चालू होती.

मग टिंग, टिंग.

विमानाचे पंखे फिरू लागले. फोन बंद झाला.

संध्याकाळी संध्याचा नवरा धर्मपाल याचा व्हिडिओ कॉल आला. संध्या खाटेवर बसली होती. तिनं आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता आणि त्याच्याकडे नुसती बघत होती, जवळून, तहानलेलं माणूस पाणी पितं तशी.  सुगतला पुढचं दिसेनासं झालं आणि त्यानं फोन बाजूला ठेवला.

ऑपरेशन झालं. संध्या वाचली. डावा डोळा गेला, उजव्यानं तिला धूसर दिसतं. पण त्या संध्याकाळचा आईचा चेहरा मात्र आपल्याला अगदी लख्ख दिसतो, असं ती सांगते.

सुगतनं कंपनीला मेल पाठवली. त्या दुपारी ज्या कर्मचाऱ्यानं फोन घेतला त्याचे मनापासून आभार मानायचे आहेत, नाव कळवावं. उत्तर नम्र होतं. आपला दुसरा कॉल शेवटपर्यंत प्रतीक्षेतच होता. तो कोणीही घेऊ शकलं नाही, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

आई अकोल्याला परत आली तेव्हा त्यानं शेवटी विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"खिडकीजवळच्या सीटवर रुमाल होता," ती म्हणाली.

"कसा रुमाल, माय?"

"आपलाच न बाप्पा, लाल कडेचा. मी उचलला, घडी केली अन् वापस देला."

"कोणाले?"

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, की मास्तर असून हे काय विचारतोस. "ठेवून घ्या म्हनलं. परतीले लागन."

सुगतनं पुढे 'काहून' विचारलं नाही. बापाची शिकवण त्यानं पहिल्यांदाच मोडली.

त्यानंतर तिच्यात एक बदल झाला. ती वेळेवर आवरू लागली. दवाखान्यात जायचं असो की विहारात, सुगतच्या आधी तयार. घरात सगळे तिची थट्टा करायचे, तीही हसायची. सुगतला मात्र त्या वेळेवरपणाची धास्ती वाटायची. तिनं पुन्हा जुन्यासारखा उशीर करावा, कडी आठवावी, दूध आठवावं, असं त्याला फार वाटायचं.

वैशाखात एका दुपारी तिच्या मोबाइलवर 'आकाशझेप'चा मेसेज आला. त्यानं वाचून दाखवला. परतीच्या प्रवासासाठी आपली जागा धरून ठेवली आहे. सावकाश या. परतीचं विमानाचं तिकीट त्यांनी कधी काढलंच नव्हतं, ती रेल्वेनं आली होती. मेसेजमध्ये तारीख नव्हती.

"बरं," आई म्हणाली आणि पंख्याखाली जाऊन पडली.

परवा सुगत कॉलेजातून आला तेव्हा ऊन उतरलं होतं. मनकर्णाबाई व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. अंगावर ठेवणीतलं पांढरं लुगडं, केस विंचरलेले, दोन्ही पायांत चपला. पिशवी मात्र नव्हती. मागल्या दाराची कडी लावलेली होती आणि मांजरीचं दूध बशीत काढून ठेवलेलं होतं.

'कुठी' हा शब्द त्याच्या जिभेवर आला. तो त्यानं गिळला.

आईजवळ बसावं, तिचा हात हातात घ्यावा, एवढंच त्याला सुचलं. तो शेजारच्या खुर्चीकडे वळला.

"तथी नोको बसू बाबू," ती हळूच म्हणाली.

खुर्चीवर पांढरा रुमाल होता. लाल कडेचा.

"ते हातपाय धुवाले गेले," आई म्हणाली.

घरात दुसरं कोणी नव्हतं. आत न्हाणीत पाणी पडत होतं. सुगत आईचा हात धरून तिच्या पायाशी जमिनीवरच बसला आणि ऐकत राहिला.

मग नळ बंद झाला.