पिवळं विमान आणि सत्ताविसावा नियम

"माझं विमान कुठंय?"

ठिणगीचा आवाज सभागृहाच्या पत्र्यावर जाऊन आपटला आणि दुप्पट तापून खाली आला. टेबलावर बावीस छोटी विमानं ओळीनं उभी होती. दहा नंबरच्या पाटीमागं विमान होतं, बारा नंबरच्या पाटीमागं होतं. अकरा नंबरच्या पाटीमागं मात्र नुसतं टेबल!

तेरा वर्षांच्या या मुलीचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपटाला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांना ती ठिणगी. का, ते एकदा तिच्या वहीवर पाणी सांडून बघा म्हणजे कळेल! तिच्या डाव्या बाजूला तिचा आतेभाऊ फूटपट्टी उभा होता. हा आधी मोजायचा आणि मग बोलायचा. उजव्या बाजूला तिची धाकटी बहीण चिमटी. नऊ वर्षांची, पण बोटं अशी नाजूक, की मुंगीच्या पायात काटा रुतला तर तोही काढून देतील आणि मुंगीला कळणारसुद्धा नाही.

या तिघांनी सुट्टीचे पस्तीस दिवस ते विमान बांधलं होतं. बाल्सा या पिसासारख्या हलक्या लाकडाच्या, काडेपेटीतल्या काडीएवढ्या पट्ट्या, त्यावर पिवळा तलम कागद, नाकाशी घासून घासून केलेला पंखा. पोटात रबराचा लांब फास. त्याला पीळ द्यायचा आणि सोडायचं, की विमान भुर्रर्र! सगळं मिळून वजन अंड्यापेक्षा कमी. जुन्या काळी टपाल नेणाऱ्या एका विमानाची ती हुबेहूब छोटी प्रत होती. ती खरी विमानं ज्यांनी आयुष्यभर दुरुस्त केली, ते ठिणगीचे आजोबा आज चार वाजता स्पर्धा बघायला येणार होते.

"अकरा नंबर तुझा का?" मागून आवाज आला.

विमान बांधणाऱ्यांच्या क्लबचे सचिव. मुलं त्यांना नियमकाका म्हणत. अंगानं भरभक्कम, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, खिशात जाड शाईचा पेन. सभागृहाच्या चारही भिंतींवर त्यांच्या हातच्या सूचना चिकटवलेल्या होत्या. 'विमानांना हात लावू नये.' 'छताचा पंखा चालू असताना विमान उडवू नये.' 'शिंक आल्यास बाहेर जावे.' प्रत्येकीवर क्रमांक आणि खाली सही.

"हो काका! काल संध्याकाळी तुमच्याच हातात दिलं होतं मी!"

"दिलं असशील. पण आज सकाळी ते उडून गेलं."

"उडून?"

"उडून!" काकांनी आवाज मुद्दाम चढवला. आजूबाजूचे स्पर्धक आणि त्यांचे आईबाप वळून बघू लागले. "रबराला पीळ देऊन तसंच ठेवलंस. टेबलावरून सुटलं ते थेट त्या खिडकीतून बाहेर! एवढा निष्काळजीपणा? यादीतून नाव खोडलंय मी तुझं."

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या क्षणी कुणी तिच्या डोक्यावर चहाचं आधण ठेवलं असतं, तर उतू गेलं असतं. तिनं तोंड उघडलं... आणि तिच्या दंडाला जोरदार चिमटा बसला.

"काका," फूटपट्टी एकदम साळसूद आवाजात म्हणाला, "किती उंच गेलं हो?"

"उंच? पार... पार छतापर्यंत!"

"अरे वा! आणि रबराचा आवाज आला असेल ना?"

"आला तर! कडकड कडकड! मी धावलो मागं. पण ऐकतंय कोण? बाहेर पडलं, पाण्याच्या टाकीला वळसा घातला..."

"कावळे घाबरले असतील," चिमटी डोळे मोठे करून म्हणाली.

"एक कावळा तर बाजूलाच झाला बघ! वाट दिली त्यानं!"

आणखी पाच मिनिटं दिली असती, तर काकांनी ते विमान समुद्रापार नेऊन परत आणलं असतं. फूटपट्टीनं ठिणगीला ओढत दाराबाहेर नेलं.

"सोड मला! खोटारडा आहे तो! धडधडीत खोटं बोलतोय!" ठिणगीनं पायरीवर अशी लाथ मारली, की तिलाच लागलं. त्यामुळं ती आणखी चिडली. "विमानात रबरच नव्हतं! हे बघ, इथं आहे ते!" तिनं खिशातून पत्र्याची चपटी डबी काढली. आत एरंडेल चोळलेलं रबर वेटोळं करून झोपलं होतं. रोज संध्याकाळी ती विमानातून रबर काढायची, धुवायची, वाळवायची, तेल लावून अंधाऱ्या डबीत ठेवायची. आत ताणून ठेवलं, ऊन लागलं, की रबर मरतं. "मी आत्ता ही डबी त्याच्या नाकासमोर धरते!"

"आणि तो म्हणेल, हे दुसरं रबर आहे. मग काय करशील?"

ठिणगीनं डबी फटकन बंद केली. रागानं केली, पटलं म्हणून नव्हे.

"आधी विमान सापडू दे," फूटपट्टी म्हणाला. "उडालं नाही, म्हणजे इथंच कुठंतरी आहे."

"सगळ्यांसमोर निष्काळजी म्हणाला मला! आजोबा येऊन काय बघतील? रिकामं टेबल?" तिचा आवाज चिरकला. "रडत नाहीये मी! राग आलाय मला!"

"मला माहितीये," चिमटी घाईघाईनं म्हणाली. "ताई, पण मला एक सांग. काल सव्वीस होत्या ना?"

"काय सव्वीस?"

"सूचना. काल तुम्ही फॉर्म भरत होतात तेव्हा मी सगळ्या वाचल्या. आज सत्तावीस आहेत."

तिघं पुन्हा आत शिरली. चिमटीनं टेबलामागच्या भिंतीकडं बोट दाखवलं. ओळीच्या टोकाला एक कोरा करकरीत कागद होता. शाई अजून चमकत होती, अक्षरं घाईनं तिरकी झाली होती.

'नियम २७. खुर्चीवर विमान ठेवू नये.'

"खुर्चीवर विमान कोण कशाला ठेवेल?" ठिणगी फणकारली.

फूटपट्टी मात्र भिंतीकडं बघत राहिला. "थांब. पंख्याचा नियम कधी लागला? गेल्या सुट्टीत, काकांनी सुरू केलेल्या पंख्यात एका जाड्या मुलाचं विमान चिरडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि शिंकेचा?"

"त्यांनाच शिंक आली होती," चिमटी म्हणाली. "तीन विमानं पडली."

"म्हणजे आधी गोंधळ होतो, मग नियम लागतो. काका जे बिघडवतात तेच भिंतीवर लिहितात!"

ठिणगी तोपर्यंत गुडघ्यांवर बसून टेबलाजवळच्या वेताच्या खुर्चीखाली डोकं घालून बसली होती. वेताच्या विणीत नखाएवढा पिवळा कागद अडकला होता. त्याच्या शेजारी बाल्साची एक मोडलेली काडी.

ती उठली तेव्हा तिचा चेहरा पाहून चिमटी दोन पावलं मागं सरकली.

"बसला," ठिणगी हळू आवाजात म्हणाली. ती ओरडत असते तेव्हा ठीक असतं. हळू बोलली की पळावं. "माझ्या विमानावर बसला तो. आणि वर मला निष्काळजी म्हणाला."

आता विमान कुठं होतं, हे शोधायला फार अक्कल लागणार नव्हती. सगळ्या सभागृहात कुलूप एकाच कपाटाला होतं. काकांचं कपाट. कोरे कागद, डिंक, शाई आणि काय काय. किल्ली काकांच्या कमरेला, आणि काका कपाटाला पाठ लावून उभे! कावळ्याची गोष्ट संपल्यापासून ते तिथून हलले नव्हते.

"किल्ली कशी काढायची?" चिमटी कुजबुजली.

"काढायची कशाला?" फूटपट्टी हसला. "कपाट तेच उघडतील. त्यांना एक नवा नियम देऊ या."

पुढचं काम दोन मिनिटांचं. फूटपट्टी परीक्षक बाईंकडं गेला. बाईंनी पूर्वी वीस वर्षं वैमानिकांना शिकवलं होतं. नजर अशी, की चष्म्याआडून स्क्रू ढिला आहे का ते सांगत. "बाई, अकरा नंबरबद्दल जरा इकडं याल का? कपाटापाशी?" बाईंनी एक भुवई उचलली आणि आल्या. त्याच वेळी चिमटी धापा टाकत काकांसमोर उभी राहिली.

"काका! काका! तिकडं एक जण विमानांच्या टेबलावर पाण्याची बाटली ठेवतोय! मी म्हटलं असं चालत नाही, तर म्हणतो, नियम कुठं लिहिलाय दाखव!"

"काय?" काकांची मान ताठ झाली. "दाखव म्हणतो? आत्ता दाखवतो!"

जुडगा खणखणला. कुलूप उघडलं. काकांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा ओढला, आणि त्याच्यामागून एक पिवळा पंख हळूच पुढं झुकला, जणू कुणी खिडकीतून डोकावलं.

काकांनी दार आपटून लावायला हात उचलला. पण मध्ये बाईंचा हात होता.

"हे काय आहे, सचिव?"

"हे... हे होय? हे बाहेर सापडलं मला. टाकीखाली. उडून पडलं होतं ना... मी उचलून सांभाळून..."

"रबर कुठंय?" ठिणगी पुढं आली. तिनं दोन्ही हातांनी विमान उचललं. उजव्या पंखाच्या तीन फासळ्या मोडल्या होत्या, पाठ खचली होती. तिनं नाकाचा ठोकळा पंख्यासकट बाहेर काढला. ठोकळ्याच्या आतल्या बाजूला रबर अडकवायचा आकडा होता. रिकामा. "कडकड आवाज करत उडालं म्हणालात ना? मग रबर कुठंय?"

"पडलं असेल..."

"बंद फास होता. पुढं आकडा, मागं शेपटीशी खुंटी. दोन्ही जागेवर आहेत, मग फास पडेल कसा?" तिनं डबी उघडून बाईंच्या हातात ठेवली. "रोज संध्याकाळी काढून ठेवते मी. काल पण काढलं होतं."

बाईंनी रबर दोन बोटांत धरून पाहिलं. "बरोबर. रबराचं विमान बांधणारा कुणीही रबर काढूनच ठेवतो. इथल्या बावीसही विमानांची पोटं आत्ता रिकामी आहेत." त्यांनी काकांकडं वळून पाहिलं. "हे तुम्हाला ठाऊक असतं, सचिव, जर एखादं विमान तुम्ही कधी बांधलं असतं तर. फक्त नियमच लिहीत बसलात."

काकांची ततपप झाली. मग त्यांचे खांदेच खाली आले. "भिंतीवरचा एक जुना कागद सुटला होता, तो परत चिकटवायचा होता. टेबलावर चढायला जागा हवी म्हणून हे खुर्चीवर ठेवलं. खाली उतरलो, दमलो होतो... बसलो."

"आम्हाला सांगायचं होतं ना!" ठिणगी ओरडली, आणि आता मात्र कुणीही तिला चिमटा काढला नाही. "मोडलं तर मोडलं! लाकूड मोडतंच! पस्तीस दिवसांत आम्ही पण चारदा मोडलंय! पण तुम्ही माझ्यावर ढकललंत! सगळ्यांसमोर! आता सगळ्यांसमोरच सांगा!"

"बाळ, मी तुला बाजूला नेऊन..."

"बाजूला नाही! माईकवर!"

काकांनी बाईंकडं आशेनं पाहिलं. बाई शांतपणे माईकचं बटण दाबत होत्या.

"अकरा नंबरचं विमान उडून गेलं नव्हतं," काकांचा आवाज सगळ्या सभागृहात घुमला. "मी त्यावर बसलो. आणि खोटं बोललो. मुलीची काही चूक नव्हती." मग कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं, "आणि तो कावळा?" सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं.

नाव यादीत परत लिहिलं गेलं. साडेअकरा वाजले होते. चार वाजेपर्यंत पंख उभा करायचा होता.

फूटपट्टीनं मोजलं, ठिणगीनं कापलं, चिमटीनं चिमट्यानं काड्या बसवल्या. पण ओला सांधा कुणीतरी हलू न देता धरायला हवा होता. तिघांचे सहाही हात गुंतलेले.

"काका, इकडं या," ठिणगी म्हणाली. "दोन बोटांत धरा. असं. दाबायचं नाही, सोडायचं नाही."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

काकांनी धरलं. नाकावर माशी बसली, हलले नाहीत. घाम कानापर्यंत आला, हलले नाहीत. एकदा शिंक येऊ लागली तेव्हा त्यांचा चेहरा असा जांभळा झाला, की चिमटीनं स्वतःच त्यांचं नाक दाबून धरलं. दीड तासानं ते हळूच म्हणाले, "इतकं बारीक असतं होय हे?"

ठिणगीचा राग अजून होताच. पण तिनं त्यांच्या कोपराखाली एक पुस्तक सरकवलं. टेकायला.

चार वाजता आजोबा आले. झालेलं सगळं त्यांनी उभ्या उभ्या ऐकलं, काकांकडं एकदा असं पाहिलं, की काका खांबामागं गेले. मग त्यांनी पंखावरच्या ठिगळावरून बोट फिरवलं. नात काय ऐकायला टपली होती, ते त्यांना कळत होतं. म्हणून मुद्दामच काही बोलले नाहीत.

ठिणगीनं रबर ताणलं, हातानं फिरवायच्या छोट्या यंत्रानं सहाशे पीळ भरले, नाक बसवलं. हात उघडला.

पिवळं विमान तिच्या तळहातावरून उठलं. घाई नाही, धडपड नाही. डावीकडं झुकत ते पत्र्याखाली एक मोठं वर्तुळ फिरलं, मग दुसरं, मग तिसरं. रबराची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होती. मग ते उतरू लागलं, चाकं जमिनीला टेकली, थोडं धावलं आणि थांबलं.

"एकेचाळीस सेकंद!" फूटपट्टी किंचाळला. मोजायचं सोडून उड्याच मारायला लागला.

आजोबांनी घसा साफ केला. "खरं विमान इतकं अलगद उतरवणारा वैमानिक मी आयुष्यात एकच पाहिला," ते म्हणाले. "आणि त्याच्या पंखावर त्या दिवशी सकाळी कुणी बसलं नव्हतं."

बाईंनी तिघांशी एकेक करून हात मिळवला. "डोळे उघडे ठेवलेत, डोकं थंड ठेवलंत," त्या म्हणाल्या आणि ठिणगीकडं बघून हसल्या, "निदान दोघांनी तरी. आणि तुझ्या तापलेल्या डोक्याचंही आज कामच होतं. दुसरी फेरी आहे, तयारी करा."

पीळ देताना मागून विमान धरायला एक माणूस लागतो; पहिल्या फेरीला तो फूटपट्टी होता. फूटपट्टी अजून उड्याच मारत होता. खांबामागून काका पुढं आले, घुटमळले.

"मी... मी धरू का?"

सगळे ठिणगीकडं बघू लागले. तिनं काकांना वरून खालपर्यंत निरखलं. भरपूर वेळ घेतला.

"धरा," ती म्हणाली. "पण उभ्यानं!"