बारा किलोमीटर जास्तीचे

मागे गाडी येऊन उभी राहिली आहे, हे तिला कळलंच नाही. आवाज नाही, थरथर नाही, काही नाही. टाकीच्या नळाखाली धरलेली बाटली भरली, ती वळली — आणि हातभर अंतरावर एक पांढरी गाडी. तिच्या हातून बाटली सुटली, फुटली, आणि पाणी तिच्या चपलांवर पसरलं.

"लागलं का?" गाडीतून एक उंच, उन्हाने रापलेला माणूस घाईने उतरला.

"बाटलीला लागलं." तिने ओल्या चपला झटकल्या. "तुमच्या गाडीला हॉर्न नाही का?"

"आहे. पण वाजवला असता तर तुम्ही आणखी दचकला असता."

हे खरं होतं, म्हणून तिला आणखी राग आला. तेवढ्यात गाडीमागची चार्जिंगची निळी तार तिला दिसली आणि राग कुठल्या कुठे गेला. गेला महिनाभर ती हीच गाडी, याच सालची, जुनी घ्यायची का, या विचारात होती.

"विजेवरची ना? एका चार्जमध्ये किती जाते? जाहिरातीतलं नको, खरं सांगा."

तो बघतच राहिला. फुटकी बाटली पायाशी, ओल्या चपला, आणि ही बाई खिशातून वही काढतेय.

पाण्याच्या प्रयोगशाळेत ती नमुने तपासायची. रोज सकाळी गावाभोवतीच्या पाच टाक्यांचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि प्रयोगशाळेत आणून तपासायचं. प्रत्येक नमुना ती तीन वेळा तपासे, म्हणून सगळे तिला 'तीनदा' म्हणत. आता प्रयोगशाळेची म्हातारी जीप महिनाअखेर मोडीत निघणार होती. ज्याच्याकडे स्वतःची गाडी, त्यालाच टाक्यांचं काम. नाही तर खुर्चीत बसून जुन्या नोंदी चाळायच्या. हो की नाही, ते मोठ्या बाईंनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, तिच्याकडे लेखी मागितलं होतं. नोंदींच्या त्या खोलीला खिडकीसुद्धा नव्हती.

"मोटारीत बसून बघा ना," तो म्हणाला. "मी मोजणीदार आहे. जमिनी मोजतो. माझं काम सध्या याच बाजूला चालू आहे. आणि तुमची बाटली मी फोडलीय... म्हणजे, माझ्यामुळे फुटलीय."

जीप त्या आठवड्यात दुरुस्तीला गेलेलीच होती, टाक्या एसटीने गाठाव्या लागत होत्या. ती बसली.

पहिल्या दिवशी, उरलेल्या टाक्यांपुरते, तिने फक्त आकडे टिपले. निघताना मीटर किती, बॅटरी किती टक्के, परतल्यावर किती. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, काही ठिकाणी पाण्याला साबणाचा फेस का येत नाही? ती सांगू लागली. कॅल्शियमवरून खडकांवर गेली, खडकांवरून झऱ्यांवर, आणि प्रयोगशाळा आली तेव्हा वाक्य अर्धंच राहिलं.

"उद्या पूर्ण करा," तो म्हणाला.

"विसराल तुम्ही."

"मी खुणेचे दगड दहा वर्षांनी शोधून काढतो. तुमचं अर्धं वाक्य कुठे जाईल?"

ती हसू लपवायला खिडकीबाहेर बघू लागली. पहाटे शिंतोडे पडून गेले होते. काचेवरचे थेंब वाऱ्याने वर सरकत होते, आणि इंजिनाचा आवाज नसल्यामुळे त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता... ही या गाड्यांची अडचण तिने वहीत लिहिली नाही.

आठ दिवस असे गेले. मधेच एखाद्या नव्याच रस्त्याला गाडी वळे. "पुढे खोदून ठेवलंय," तो म्हणे. तिला रस्त्यांतलं कधीच काही कळत नसे. घरी आई विचारी, "रस्त्यात बंद पडली तर ढकलणार कोण?"

"मोजणीदार."

"तो काय जन्मभर बरोबर येणार आहे का?" आई सहज बोलून गेली, आणि लेकीचा घास हातातच राहिला.

आठव्या संध्याकाळी तिने हिशेब मांडला. तिच्या इमारतीत चार्जर बसवायला परवानगी नव्हती. वाचनालयापाशी गाडी चार्जिंगला लावता येई, पण दिवसाआड. म्हणजे एका चार्जमध्ये दोन दिवसांचं काम उरकायला हवं. गाडी खऱ्या रस्त्यावर एकशेपाच किलोमीटर जाते, हे आकड्यांवरून पक्कं झालं होतं. टाक्यांची फेरी अठ्ठावन्न किलोमीटरची. दोन दिवसांचे एकशेसोळा. अकरा किलोमीटर कमी पडत होते.

तिने तीन वेळा गणित केलं. मग 'मला हे काम जमणार नाही' असं पत्र लिहून मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवलं, आणि घरी येऊन न जेवता झोपली.

नवव्या दिवशी जीप परत आली. जीपवाले काका निवृत्तीच्या आधीचे शेवटचे दिवस मोजत होते. पाच टाक्या झाल्या, प्रयोगशाळा आली आणि सवयीने तिने मीटर बघितलं. शेहेचाळीस.

"काका, मीटर बिघडलंय तुमचं."

"जीपमधलं तेवढंच एक धड आहे, पोरी. बावीस वर्षं रोज शेहेचाळीस."

"अठ्ठावन्न आहे ही फेरी. तो खोदलेला रस्ता..."

"कुठे खोदलाय? आत्ता त्यावरूनच आलो की आपण."

शेहेचाळीस दुणे ब्याण्णव. गाडी पुरत होती. तेरा किलोमीटर राखून पुरत होती. ती धावत वर गेली, तर टेबल रिकामं. मोठ्या बाई पत्रं घेऊन मुख्य कार्यालयात गेल्या होत्या. दुपारी बाराला कामांची यादी पक्की होणार, आणि बैठकीत बाई फोन बंद ठेवत. काका जीप घेऊन केव्हाच निघून गेले होते.

तिने मोजणीदाराला फोन लावला.

"फेरी किती किलोमीटरची आहे?"

"शेहेचाळीस पॉइंट दोन."

"दशांशासकट माहीत होतं तुम्हाला."

"...हो."

"ताबडतोब या. तुमचं काम इथे शेजारीच आहे ना?"

"अर्ध्या तासात येतो," तो हळूच म्हणाला.

तो आला तेव्हा साडेअकरा होत आले होते. ती बसली. दार इतक्या जोरात लागलं की मागच्या सीटवरची मोजणीची तिपाई खाली आली.

"सरळ रस्त्याने. मुख्य कार्यालय."

सगळं ऐकल्यावर तो पांढराफटक पडला. दिवसाआड चार्जिंगचं त्याला ठाऊकच नव्हतं. ती वहीत लिहायची, त्याला सांगायची नाही.

"लोक माझ्या शब्दावर भिंती बांधतात," तो म्हणाला. "आजवर वीतभर चूक केली नाही मी."

"मग ही का केली?"

"दुसऱ्या दिवशी... तुमचं बोलणं रंगलं होतं ना. म्हटलं, एक वळण जास्त घेतलं तर वाक्य पूर्ण होईल. झालं नाही. मग आणखी एक घेतलं."

इतक्या रागात असतानाही हे ऐकून आपल्याला बरं वाटावं, याचा तिला धक्का बसला.

बाराला दहा मिनिटं कमी असताना ती धापा टाकत मोठ्या बाईंसमोर उभी राहिली. "माझा आकडा चुकला, बाई. अंतर शेहेचाळीस आहे. मी गाडी घेतेय. काम मला हवंय."

बाईंनी गठ्ठ्यातून पत्र काढलं, चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "क्लोरीनचा आकडा तीनदा बघतेस. आणि अंतर एकदाही नाही तपासलंस?"

पत्र तिच्या हातात आलं. बाई आत गेल्या. ती मात्र जिन्यातच थबकली.

खरंच की. फोनमध्ये नकाशा होता. दोन मिनिटांचं काम. बाजारातून आणलेले तांदूळसुद्धा ती घरी तोलून बघायची. मग आठ दिवस... एकदाही का नाही? उत्तर तिला आलं, आणि त्या दिवसभरातला सगळ्यांत मोठा धक्का तोच होता.

खाली तो गाडीला टेकून उभा होता, गुन्हेगारासारखा.

"मिळालं?"

"मिळालं."

त्याने डोळे मिटून श्वास सोडला. "मग आता सगळंच सांगतो. माझं काम या बाजूला नव्हतंच. नदीपलीकडे आहे. तुम्हाला सोडून बावीस किलोमीटर मागे जायचो."

ती सवयीने मोजू लागली. "अठ्ठावन्न, बावीस, परतीचे बावीस... एकशेदोन. म्हणजे रोज घरी पोचताना बॅटरीत..."

"तीन किलोमीटर उरायचे. एकदा तेही नाही. शेवटचा रस्ता उताराचा होता म्हणून वाचलो."

तिला हसू फुटलं, आणि आवरेना. येणारेजाणारे वळून बघू लागले.

"वेडे आहात तुम्ही."

"माफ केलंत का, तेवढं सांगा. मग जातो मी."

"नाही केलं." ती थांबली. पत्राची घडी केली, उलगडली, परत केली. "पण चूक तुमच्या एकट्याची नाही. मी नकाशा उघडला नाही. विसरले म्हणून नाही... मला उघडायचाच नव्हता. फेरी लवकर संपली असती ना."

आता धक्का बसायची पाळी त्याची होती. त्याने नुसता हात पुढे केला, गाडीच्या टपावर, तिथे टेकलेल्या तिच्या हातापासून बोटभर अंतरावर. ते अंतर तिने संपवलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नदीपलीकडून त्याचा सोबती ओरडत होता. अकरापासून लोक शेतात उभे आहेत, आणि साहेबांचा पत्ता नाही.

"आज उशीर होईल," मोजणीदार म्हणाला. तिच्याकडे बघत तो थोडा थांबला. "नाही रे, रस्ता नाही चुकलो. बरोबर जागी उभा आहे."