कडी आतून का?

समर्थ मला पहिल्यांदा दिसला तो भद्रकालीतल्या रद्दीच्या दुकानात… माझ्या बाबांच्या गठ्ठ्यावर बसलेला!

"उठा. ते आमचं आहे."

"मग विकलं कशाला?"

"आईनं विकलं. बाबा गेल्यापासून तिला कागदांचा राग येतो."

तो उठला, पण हातातला अंक सोडेना. सायक्लोस्टाइल केलेला, पिवळा पडलेला. सिन्नरच्या कारखान्यातली ड्युटी संपवून बाबा नि त्यांचे मित्र असले अंक काढायचे. मोठ्या मासिकांना शिव्या, संमेलनाला शिव्या, देवालाही सोडलेलं नाही.

"'देवा, तुझ्या दाराला कडी आतून का?'" त्यानं बाबांच्या कवितेची ओळ वाचली. "बाप रे! मी गाणी लिहितो, पण असं… आठ दिवस नेऊ?"

"परत करायला पंचवटीत यावं लागेल. रविवारच्या कीर्तनात मी पेटीवर असते."

तो आला. पुढच्या रविवारीही आला— अंक न आणता.

"विसरलो."

"मुद्दाम?"

"बुक्का नाही लावणार?"

लावला. बोट त्याच्या कपाळावर जरा जास्तच रेंगाळलं… बुवा खाकरले.

एकदा त्यानं विचारलं, "बुवा अभंग मध्येच सोडून गोष्टी सांगतात. शेवटची ओळ मात्र कधीच सोडत नाहीत. का?"

"तिच्यात संताचं नाव असतं. ते गाळायचं नसतं."

"लक्षात ठेवीन," तो म्हणाला. अगदी हळू.

दिवाळीनंतर त्याचं गाणं आलं. पिंपळगावचे टेम्पो, वराती, सगळीकडे तेच— 'पोरी, तुझ्या दाराला कडी आतून का?' गीतकार समर्थ. बस.

आईनं मिक्सर बंद केला. खिडकीशी उभी राहून ऐकत राहिली.

"यांचंच आहे हे… नाव घेतलंय का गं त्यांचं?"

रविवारी कीर्तनाआधी मी त्याला घाटावर गाठलं.

"तुझ्या बाबांनीच छापलंय," तो म्हणाला, "कवितेला मालक नसतो."

"मग तू कसा झालास?"

"कंपनीवाले म्हणाले, एकच नाव ठेवा. पण सुवर्णा… त्यातली पोरगी तूच आहेस. खरंच."

हे ऐकायला मी चार महिने थांबले होते. ऐकलं, आणि तोंड कडू झालं.

"बाबा आयुष्यभर देवाच्या दारात उभे राहून भांडले, समर्थ. तू ते दारच बदललंस."

बुवांना विचारून त्या दिवशी कीर्तनात मी बाबांची कविता पाठ होती तशी गायले. पूर्ण. अंकात कवितेखाली नाव नव्हतं. मी बाबांचं जोडलं— 'जयराम म्हणे…' पहिल्या रांगेत बसलेल्या आईनं तोंडाला पदर लावला.

मग बुक्क्याची वाटी घेऊन निघाले. मागच्या रांगेत तो, डोळे मिटून, कपाळ पुढं करून.

लावला. सगळ्यांना लावते तसाच… आणि बोट उचललं.