पायरीवरची तीन अक्षरं

‘घाबरतेस काय गं! वर ये, बॅग मी आणतो!’

ब्योब्लिंगेनच्या त्या जिन्यात पाऊल टाकलं आणि शिवांगीच्या कानात मल्हारदादाचा जुना आवाज घुमला. नवखी विद्यार्थिनी म्हणून ती जर्मनीत आली, तेव्हा त्यानंच तिला इथं आसरा दिला होता. आता जिना तोच, आवाज देणारा नाही. परवा सकाळी ज्ञानदावहिनी म्युनिकहून परतली, तर नवऱ्याचा बिछाना रिकामा, फोन बंद.

आणि दारासमोरच्या पायरीवर, जानेवारीतल्या बुटांनी आणलेल्या धुळीत, बोटानं लिहिलेली रशियन लिपीतली तीन अक्षरं: бор.

“बोर,” शिवांगीनं वाचलं. ती भाषाशास्त्र शिकत होती, म्हणून तर वहिनीनं बोलावलं होतं.

“खालचा सर्बियन म्हणतो, पाइनचं झाड. पोलिसांनी मागचं सगळं रान पालथं घातलं. समोरची उझबेक बाई म्हणते, बोर म्हणजे ‘आहे’.” वहिनी पायरीशी वाकली. “तो आहे गं. कुठंतरी आहे.”

वरच्या मजल्यावर मंगोलियाची तुया राहायची. तिच्या भाषेत बोर म्हणजे करडा. तिनं दार किलकिलं केलं, तर पायांमागून एक करडं मांजर डोकावलं.

“पायरीवर तूच लिहिलंस?”

“तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी. किल्ली विसरले होते. तिथं हीटर आहे, म्हणून बसले. याचं नाव लिहिलं.” ती कुजबुजली, “पोलिसांना नाही बोलले. मालकाला मांजर चालत नाही.”

शब्दाचं भूत उतरलं. तरी जिना उतरताना शिवांगी त्या अक्षरांपाशी थबकली.

वहिनीच्या दारावर ‘केरवोख’ची पाटी लटकत होती. या आठवड्यात जिना झाडायची पाळी याच घराची. आत मल्हारची आई, सरलाकाकू, खिडकीशी बसल्या होत्या. रस्त्यावर पाऊल वाजलं की मान वळायची.

“काकू, परवा कधी उठलात?”

“रोजच्यासारखी, उजाडताना. मल्हार झोपलाय असंच वाटलं गं मला.”

“घर झाडलंत?”

“झाडलं की.”

“आणि जिना?”

काकूंनी पदर सारखा केला. “कंबर धरली होती.”

“आईंची कंबर?” वहिनी नकळत म्हणाली. “पाळी असली की रोज पहाटे जिना झाडतात. जर्मन शेजारणी ओशाळतात!”

“तेच म्हणतेय, वहिनी. परवा तो झाडला असता, तर ही अक्षरं तुला दिसलीच नसती. ती कुणी लिहिली, एवढंच सगळे विचारत बसले. पुसली का गेली नाहीत, हे कुणीच विचारलं नाही. तू येईपर्यंत काकूंच्या लेखी दादा झोपलेला होता ना? मग केरसुणी का थांबली? माणूस लांब गावाला निघाला, की तो पोचल्याचं कळेपर्यंत त्याच्या वाटेवर केर काढत नाहीत आपल्याकडे. काकू, तुम्ही त्याला जाताना पाहिलंत.”

उघड्या दाराबाहेर जिन्यातला दिवा आपोआप विझला.

“अहो आई,” वहिनी त्यांच्या पायांशी बसली, “बोला ना!”

काकूंनी खिडकीकडे पाठ फिरवली.

“नोकरी गेली त्याची. महिना झाला. तुझ्यापुढं उभं राहायची लाज वाटत होती. लुडविग्सहाफेनला मुलाखत आहे म्हणाला. ‘नोकरी मिळाली की ज्ञानदाला मीच सांगेन, तोवर आई, तुला माझी शपथ.’” त्यांनी सुनेचा हात घट्ट धरला. “पोचलो की फोन करतो, म्हणाला होता. आलाच नाही गं फोन. मोडली मी शपथ, ज्ञानदा. तिकडं शोध त्याला.”