तीनच्या जागी चार

छत्तीस वर्षं गणित शिकवल्यामुळे मोजमाप न घेता दुकानात जाणं मला जमत नाही. लाकूड कातायच्या मशीनच्या दांड्याची जाडी, आट्यांचं अंतर, सगळं कागदावर लिहून मी त्यावर लाकूड पकडायचा चक घ्यायला गेले. पिशवीत ह्यांचा अर्धवट वाडगा होता.

निवृत्तीनंतर ह्यांनी लाकूड कातायचं खूळ घेतलं होतं. वाडग्याची बाहेरची बाजू कातून झाली, बुडाला गोल बैठकही काढली. आता आतून पोखरताना ती बैठक धरायला चक हवा होता. त्यांनी तीनदा विषय काढला. "आधी हात तर बसू दे," मी तीनदा म्हणाले. मग एका पहाटे ते झोपेतच गेले. त्या तीन नकारांची मला अजून लाज वाटते. हा एक वाडगा पुरा करायचा, एवढ्यासाठी सहा महिने मी टाकाऊ ठोकळ्यांवर हात बसवत होते. वाडगा तेवढे दिवस कपाटात गुंडाळलेलाच होता.

"नव्यानं शिकताय ना काकू, मग चारही जबडे एकदम सरकणारा घ्या," दुकानदार म्हणाला. "चावी फिरवली की काम आपोआप मधोमध बसतं."

"मोठा घेतला तर?"

"सगळे नवशिके मोठाच मागतात. तुमच्या मशीनला पेलणार नाही."

ह्यांनी कातलेला, असं सांगून मी वाडगा पुढे केला. त्यानं माप बघायला तो पालथा केला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हा तर आधी धरलेला आहे."

बैठकीवर चार खुणा होत्या. दोन खोल, दोन नुसत्या ओरखडल्यासारख्या.

"जबड्यांवर आकडे असतात, एक ते चार. त्याच क्रमानं बसवायचे. इथं कुणीतरी तीनच्या जागी चार घातलाय. अशानं काम उडतंच." काठावरच्या तपकिरी डागावरून त्यानं नख फिरवलं. "काकांना लागलं होतं का?"

"आमच्या घरी चक कधी नव्हताच."

त्यानं वाडगा माझ्याकडे सरकवला. छोटा चक बांधून दिला.

मला त्याचा रागच आला. आमचे हे खिळेसुद्धा लांबीप्रमाणे लावून ठेवायचे. असल्या माणसाच्या हातून आकडे चुकतील? वाडगा कुठंतरी आपटला असेल, असं ठरवून मी घरी आले.

दुपारी खोकं उघडलं. जबडे सुटे होते. पुसले, एकेक खाचेत सरकवले. ह्यांचाच विचार चालू होता. वाडग्याची बैठक मधे धरून चावी आवळली. जबडे जुन्या खुणांत नेमके जाऊन बसले, अगदी पायात आपली चप्पल बसावी तसे. मला केवढा आनंद झाला! चावी काढून ठेवली आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही. वर पाहिलं, तर पंखाही थांबलेला. वीज गेली होती.

वीज येईपर्यंत वाडगा कुठं घासत तर नाही ना, हे बघायला मी तो हातानंच सावकाश फिरवला. अंगठा काठावरच्या डागावरून गेला.

डाग ओला होता.

मी अंगठा पाहिला. लाल होता. हाताला कुठंही लागलेलं नव्हतं.

मग जबड्यांवरचे आकडे वाचले. एक. दोन. चार. तीन.

मशीन चालू असताना मी चहा घेऊन आले की हे न बघताच म्हणायचे, "समोर नको गं, बाजूला उभी राहा."

मी बाजूला झाले.

पंखा फिरू लागला, आणि बटण दाबलेलंच राहिलेलं मशीनही.

वाडगा माझ्या कपाळाच्या उंचीवरून गेला आणि मागच्या भिंतीचा गिलावा घेऊन खाली पडला. मी बटण बंद केलं.

बऱ्याच वेळानं वाडगा उचलला. बैठकीवर चार खुणा होत्या. दोन खोल, दोन ओरखडल्यासारख्या.

काठ मात्र कोरा होता. अंगठाही.