पोर्टरचं घराणं

“ताई, मधलं एखादं पान वाच पाहू,” आजोबा म्हणाले. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, वर पट्टी, त्यामुळे स्वतःचं पुस्तक त्यांना कानांनीच तपासायचं होतं. दुपारी चारला ते खालच्या मजल्यावर, मामाच्या छापखान्यात, यंत्रावर चढणार होतं.

ताईने वाचलं, “पोर्टर, प्रेशर, प्रोजेक्ट...”

“थांब.” आजोबांचा चेहरा पडला. “हे एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. लॅटिनमधलं एक मूळ आणि त्याला फुटलेले सगळे इंग्रजी शब्द एका जागी, अशी कार्डं रबरबँडने बांधून लावली होती मी. चाळीस वर्षं शिकवून जमवलेलं आहे ते. असं छापलं तर रद्दीच.”

ताई आणि तिचा धाकटा भाऊ बारक्या धाडधाड जिना उतरले. कार्डांच्या खोक्याशेजारी केराची टोपली होती आणि तिच्यात रबरबँडांचा ढीग.

“मीच काढले,” मामा ऐटीत म्हणाला. “नुसता गोंधळ होता. एबीसीडीने लावून दिलं.”

“घरच्या फोटोतही माणसं एबीसीडीनेच उभी करायची का?” बारक्याने विचारलं.

“आता वेळ नाही. चारला छपाई म्हणजे चारला.”

“बरं,” ताई शांतपणे म्हणाली. “मग पहिल्या पानावर छापू, ‘मांडणी : मामा’. खाली तुझा फोन नंबर.”

मामाने बाह्या सरसावल्या आणि खोकं उपडं केलं.

चारशे कार्डं फरशीवर पसरली. प्रत्येकाच्या पाठीवर आजोबांच्या अक्षरात मुळाचा अर्थ होता. ‘वाहून नेणे’च्या ढिगात पोर्टर आला, इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट आले.

“रिपोर्ट कसा काय यांच्यात?” बारक्या म्हणाला.

“बातमी वाहून आणतो ना परत,” ताई म्हणाली.

“म्हणजे शाळेतला रिपोर्ट घरी आणणारा मी हमालच.”

मामा हसत हसत संगणकावर शब्द हलवत राहिला. पावणेचारला ते तिघं धापा टाकत वर आले. ताईने नवी पानं वाचून दाखवली. आजोबा ऐकत होते, चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती.

“पोर्ट्रेट पोर्टरच्या शेजारीच ठेवलंत ना?” त्यांनी विचारलं.

मामाने कपाळाला हात लावला. “राहिलं वाटतं.”

“नाही राहिलं,” ताई म्हणाली. “दिसायला त्यांच्यातलं आहे, पण कार्डामागे ‘ओढून काढणे’ लिहिलंय. ते ट्रॅक्टरच्या घरचं. तिकडेच ठेवलंय.”

आजोबांनी चाचपडत दोघांची डोकी शोधली आणि हात ठेवले.

“या एका शब्दाला माझ्या वर्गातली निम्मी मुलं फसायची,” ते म्हणाले. “लावा रे यंत्र.”