एकवीस नंबरची ओ

राउटर लोखंडी कपाटात ठेवू नये. पाण्याच्या टाकीमागे ठेवू नये. देवळीत ठेवून वरून रुमालही झाकू नये. हळदीची धूळ बसते म्हणून लोक झाकतात आणि मग तो आतल्या आत तापून बंद पडतो. धूळ पुसता येते, हे मी कुरुंद्यात घरोघर सांगत असते.

मी इथल्याच शाळेत शिकवत होते. निवृत्त झाल्यावर हा छंद लागला. रविवारी पोरं घरी येतात, त्यांना मी सगळ्यांत आधी हाक मारायला शिकवते. संगणकावरून एखाद्या यंत्राच्या नंबरला हाक मारायची. यंत्र चालू असेल तर ते ओ देतं, आणि ओ यायला किती वेळ लागला तो आकडा पडद्यावर दिसतो. आकडा लहान असेल तर ओ देणारा जवळ. मोठा असेल तर लांब.

"म्हंजे हजेरीच की, बाई," एक पोरगी म्हणाली होती.

हजेरीच. म्हणून मी प्रत्येक घरातल्या यंत्रांना ओळीने हजेरीचे नंबर देते. एकवीस मात्र कुणालाच देत नाही.

एकवीस कोमलचा होता. ती ओढ्यापलीकडच्या आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या वस्तीवरून, यायची आणि तिला रोज उशीर व्हायचा. मी नंबर पुकारला की ती लांब रस्त्यावरूनच ओरडायची, "ओ, बाई!" दुसऱ्यांदा पुकारला की आवाज फाटकातून यायचा. तिसऱ्यांदा ती दारात धापा टाकत उभी असायची. मग मी म्हणायची, "बस आता." चौथीत असताना, शाळेला येतानाच, ती ओढ्याच्या पाण्यात वाहून गेली. त्या सकाळीही मी तिचा नंबर पुकारला होता.

यंदा हळद शिजवायच्या दिवसांत तिच्या मोठ्या बहिणीचा, पुनमचा फोन आला. नर्सिंग झालेलं, पुण्याच्या एका दवाखान्याची मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओवर होती, आणि पाय प्लास्टरमध्ये. ओल्या हळदीवरून घसरली होती. आखाडा सखल भागात, तिथे मोबाइलवर कसंबसं बोलता येतं, व्हिडिओ चालत नाही.

"बाई, आबा म्हणून राहिलेत, हे न्हाई लागलं तं वैशाखात लग्नाचा बार उडवून टाकू," ती म्हणाली. "मला एवढी एक मुलाखत देऊ द्या."

"देशील," मी म्हणाले.

माझ्या गच्चीवर एक छोटी डिश आणि आखाड्याच्या पत्र्यावर दुसरी, अशा एकमेकींकडे तोंड करून बसवल्या. माझ्या घरचं इंटरनेट ओढ्यावरून आखाड्यावर गेलं. पुनमचे आईवडील हळद घेऊन वसमतच्या बाजारात होते. आखाड्यावर पुनम आणि तिचे आबा, म्हणजे आजोबा उकंडराव, एवढीच माणसं. अंगणभर शिजवलेली हळद वाळत घातलेली. तिच्यावर पाय पडू नये म्हणून मी भिंतीच्या कडेकडेने आत गेले.

मी ओळीने सगळ्या नंबरांना हाक मारली, रिकाम्यांनाही. एकच नंबर चुकून दोन यंत्रांना गेला असेल तर तो असाच सापडतो. डिशने ओ दिली, राउटरने दिली.

एकवीसनेही दिली. आकडा नऊशेच्या वर होता.

कुणाचा तरी मोबाइल शिरला असेल, असं मला वाटलं. घरातले दोन्ही मोबाइल बंद केले. तरी ओ आली. मग मी डिशची वायर काढली. डिश गप्प झाली, गच्चीवरचं यंत्र गप्प झालं.

एकवीसने ओ दिली. आठशे.

मी वायर परत लावली, जोडणी नीट तपासली आणि पुनमला म्हणाले, "सकाळी लवकर येते."

सकाळी मुलाखत सुरू झाली आणि लगेच चित्र गोठलं. पुनमने माझ्याकडे पाहिलं. मी उंबऱ्याशी माझा संगणक मांडीवर घेऊन बसले होते. डिश जागेवर होती, वायर घट्ट होती, हाकांना मात्र कुणी ओ देत नव्हतं. उरला होता एकवीस.

मी हाक मारली. पाचशे. पडद्यावरची डॉक्टरीणबाई हलू लागली.

मी थांबले. चित्र गोठलं.

पुन्हा हाक मारली. चारशे. आवाज स्वच्छ आला, "हां, तर पुनम, रात्रपाळी जमेल का?"

"जमंल, मॅडम. सवय आहे," पुनम म्हणाली.

बाहेर बाजेवर बसलेले उकंडराव मान पुढे काढून दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, काय चाललंय? कोणाला हाका मारून राहिल्या?"

"एकवीसला."

त्यांनी पागोट्याचं टोक तोंडाला लावलं. म्हणाले, "कोमीचा नंबर व्हता तो."

"हो."

"ओ देती का?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"कुठवर आली?"

मी पडद्याकडे पाहिलं. दीडशे. मागे पुनम सलाइन कशी लावायची ते सांगत होती. आवाज आता कापत नव्हता.

"थांबू का?" मी विचारलं.

उकंडरावांनी आत, पुनमकडे पाहिलं. मग ओढ्याकडे.

"नगं. ह्या पोरीचं होऊ द्या."

मी हाक मारली. साठ.

हाक मारली. वीस.

हळदीचा वास एकदम दाट झाला. कुणीतरी ती चाळवल्यासारखा.

चार.

"अभिनंदन, पुनम. पाय बरा झाला की रुजू व्हा."

मी शेवटची हाक मारली. पडद्यावर आलं, एकाहून कमी. ज्या यंत्रावरून हाक मारावी, त्यानेच ओ द्यावी इतकं जवळ.

माझ्या तोंडून सवयीने निघालं, "बस आता."

मी संगणक मिटला. पुनम उशीत तोंड खुपसून हसत होती, रडत होती. उकंडराव बाजेवरून उठून अंगणाकडे पाहत उभे होते. मीही पाहिलं.

वाळत घातलेल्या हळदीत एक वाट पडली होती. ओढ्याच्या बाजूने निघून सरळ उंबऱ्यापर्यंत. लहान पावलाएवढीच रुंद, हळकुंडं दोन्हीकडे सारलेली. आम्ही दोघंही सकाळपासून तिथेच बसलो होतो.

उकंडरावांनी दाताळं उचललं आणि ते हळद सारखी करू लागले. ती वाट तेवढी त्यांनी सोडली.

"पुनमी जाईल आता पुण्याला," ते म्हणाले. "तुमची डिश राहू द्या, बाई. मधून मधून हाक मारत जा."

मी अंगण पुन्हा एकदा नीट पाहिलं. परत जाणारी वाट कुठेच नव्हती.